उरलेलं कुठं टाकायचं

योगिनीनं परत साठच लिहिलं.

"नीट वाच," मी म्हणाले. "पोत्यात काही नारळ आहेत. चार-चारचे ढीग केले तर तीन उरतात. पाच-पाचचे केले तरी तीन उरतात. सहा-सहाचे केले तरी तीनच. तर पोत्यात कमीत कमी किती नारळ?"

"साठ."

"लसावि किती आला?"

"साठ."

"मग उत्तर?"

"साठ," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता पेन्सिलीचं मागचं टोक चावायला लागली.

लसावि काढण्यात ती चुकत असती तर मला एवढा राग आला नसता. चार, पाच, सहा मांडून, रेघ ओढून, दोनानं भागून ती सरळ साठावर येत होती. पुढं फक्त उरलेले तीन मिळवायचे आणि त्रेसष्ट लिहायचं. तेवढंच ती करत नव्हती. सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. समोर मिळवून दाखवलं की "हां" म्हणायची. आकडे बदलून दिले की पुन्हा लसाविपाशी येऊन बसायची, बैल ओढ्यापाशी बसतो तशी.

खोलीत रबराचा वास कोंडला होता. भिंतीला लागून निळे क्रेट, क्रेटमध्ये काळ्या वॉशर. साच्यातून निघालेल्या वॉशरला कडेनं एक पातळ झालर राहते. ती कात्रीनं कापायची, पांढरी पावडर झटकायची, पंचवीस-पंचवीसच्या पिशव्या बांधायच्या आणि त्याच क्रेटमध्ये परत लावायच्या. चाकणच्या पुढं आमच्या वाडीत निम्म्या घरांत हेच चालतं. माझी बी.एस्सी.ची मार्कशीट ज्या पत्र्याच्या पेटीत आहे त्याच पेटीवर बसून मी झालरी कापते.

योगिनीचे बाबा, रविराज, पलंगावर आडवे होते. सात महिने भरले म्हणून कंपनीनं ब्रेक दिलेला. परत कधी बोलावतील ते ठेकेदारालाच माहीत. मोबाइल छातीवर ठेवून ते म्हणाले, "तीन."

"काय तीन?"

"पोत्यात तीनच नारळ असतील. चारचा ढीग होईना, पाचचा होईना, सहाचा होईना. तीन उरले. झालं की गणित."

योगिनी खुदकन हसली.

"अहो, पर्यायात तीन नाहीये," मी म्हणाले.

"पर्यायात नाही म्हणजे पोत्यात नाही का? कमीत कमी विचारलंय ना?"

बरोबर होतं ते, आणि म्हणूनच माझं डोकं आणखी फिरलं. "तुम्ही तेवढे गप्प बसा. शनिवारी चाचणी आहे तिची. निरंजन सरांनी सांगितलंय, ह्या प्रकाराची गणितं परत चुकली तर जादा तासाला घेणार नाहीत."

"न्हाई घेतलं तर काय पोरगी वाळून जाईल व्हय?" दारात बसून कांद्याच्या खुरपणीचं खुरपं घासत सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. गावात त्या रुक्मिणीबाई.

"शिष्यवृत्ती मिळाली तर चाकणच्या शाळेत सहावीला फुकट घेतात, आत्या. इथं सातवीनंतर काय आहे? हे क्रेट?"

"क्रेटावरच चूल पेटतीय सध्या," आत्या खुरप्याला म्हणाल्या.

मी योगिनीकडं वळले. "परत कर. उरलेले तीन कुठं गेले?"

ती डोळे मिचकावत राहिली. तिला रडू यायचं असलं की आधी डोळे मिचकतात, हे मला माहीत आहे, तरी मी थांबले नाही. "कुठं गेले? वाऱ्यावर गेले? बोल!" म्हणत मी तिच्या हातातली पेन्सिल ओढली आणि ती माझ्याच मुठीत कडकन मोडली.

"आता कशानं लिव्हील ती?" आत्या म्हणाल्या.

*

गुरुवारी सकाळी धुई पडली होती. कंपनीच्या कंपाउंडवरचे दिवे पिवळे गोळे होऊन लोंबत होते. आमची कांद्याची पट्टी दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मधे आहे. वाऱ्याला वाटच नाही, त्यामुळं धुई दुपारपर्यंत उठत नाही. आत्या पहाटेच बघून आल्या आणि पदरानं पाय पुसत म्हणाल्या, "पातीवर करपा चढाय लागलाय. ही धुई दोन दिस राहिली तर कांदा सुपारीएवढा व्हनार बग."

तेवढ्यात टेम्पो वाजला. शालनबाई पुढच्या सीटवरून उतरली. नऊवारीवर पुरुषी स्वेटर, गळ्यात मोबाइलची पिशवी. वाडीतल्या घरांना काम वाटते तीच, आणि संध्याकाळी गोळा करते तीच. टेम्पोवाला नवनाथ क्रेट उतरवत असताना ती दारातूनच बोलली.

"विजयश्री, कान दे हिकडं. साहेब लई बोंबलतोय. क्रेटात मोकळा माल दिसला न पायजे. सगळं पिशवीत. वर एक वॉशर जरी सुट्टी गावली तर अख्खा क्रेट परत."

"आमचं कधी असतं का सुट्टं, मावशी?"

"तुजं न्हाई गं. पर सांगून ठिवते. तू शिकल्याली हायेस, तुला येकदा सांगितलं की झालं."

सुट्टं आमचं खरंच नसायचं. क्रेट संपत आला की शेवटी पाच-दहा वॉशर उरतात, पिशवी भरत नाही. त्या जर्मनच्या चेमटलेल्या भगुल्यात टाकायच्या. त्याच लॉटचा, म्हणजे त्याच रबराचा, पुढचा क्रेट आला की भगुल्यातल्या आधी घ्यायच्या. योगिनी पहिलीत असल्यापासून ते भगुलं तिच्याकडं आहे. बाकी काम मी तिला करू देत नाही, कात्रीला तर हात लावू देत नाही. पण पिशव्या मोजणं आणि भगुलं सांभाळणं तिचंच.

संध्याकाळी ती शाळेतून आली, हातपाय धुतले आणि क्रेटपाशी बसली. माझा अंगठा कात्रीच्या कडीनं सोलला होता. त्यावर चिंधी गुंडाळून मी झालरी कापत होते आणि तिच्याकडं बघत होते. ओठ हलवत ती मोजत होती. पंचवीस झाल्या की पिशवी, पिशवीला पीळ, पिळाला रबर. शेवटी सात उरल्या. तिनं त्या ओंजळीत घेतल्या, भगुल्यात टाकल्या, हात झटकले.

मला काय वाटलं कोण जाणे. मी विचारलं, "योगू, ह्या क्रेटमध्ये किती वॉशर होत्या?"

तिनं पिशव्या मोजल्या. सोळा. मनातल्या मनात गुणलं. "चारशे."

"आणि ह्या?" मी भगुल्याकडं बोट केलं.

"त्या उरलेल्या."

"कशातल्या उरलेल्या?"

तिला प्रश्नच कळला नाही. "उरलेल्या म्हणजे उरलेल्या. त्या पुढच्या क्रेटमध्ये जातात ना."

माझी कात्री थांबली. तीन दिवस मी तिच्या डोक्यात काय शिरत नाही ते शोधत होते, आणि जे होतं ते मीच घातलेलं होतं. चार वर्षं रोज संध्याकाळी. उरलं की भगुल्यात. भगुल्यातलं ते आजचं नाही. साठ ढिगांत बसले, तीन उरले, ते तीन पुढच्या पोत्याचे. तिच्या हिशेबानं पोत्यात साठच.

"इकडं ये," मी म्हणाले. आवाज शक्य तेवढा खाली ठेवला. भगुल्यातल्या वरच्या सात वॉशर काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या. "ह्या सकाळी कुठं होत्या?"

"क्रेटमध्ये."

"मग सकाळी क्रेटमध्ये किती होत्या?"

तिनं सातही वॉशर बोटानं क्रेटकडं सरकवल्या. मग म्हणाली, "चारशे सात?"

"हां! आता उरल्या म्हणून काय झालं? आल्या तर ह्याच क्रेटमधून ना? उरलेलं असतं ते जिथून निघालं तिथलंच. किती होते असं विचारलं की ते परत त्यातच टाकायचं. कळलं?"

"परत त्यातच टाकायचं," ती म्हणाली.

मग आम्ही नारळ केले. मी त्रेसष्ट वॉशर मोजून दिल्या. तिनं फरशीवर चार-चारच्या राशी लावल्या, तीन उरल्या. पाच-पाचच्या लावल्या, तीन उरल्या. सहा-सहाच्या लावताना तिचे कान लाल झाले होते आणि ती जीभ बाहेर काढून मोजत होती. तीन उरल्या तेव्हा तिनं त्या स्वतःहून उचलून ढिगांत ढकलल्या आणि मोडक्या पेन्सिलीच्या तुकड्यानं वहीत लिहिलं: त्रेसष्ट.

दुसरा प्रकार तर तिला आधीच येत होता. चारनं भागलं तर तीन उरतात, पाचनं भागलं तर चार, सहानं भागलं तर पाच, म्हणजे दर वेळी शेवटचा ढीग एकानं कमी पडतो. "शेवटची पिशवी एकानं कमी असते तसं," ती म्हणाली आणि साठातून एक काढून एकोणसाठ लिहून मोकळी झाली. कमी पडणं तिला पाठ होतं. मिळवणं तेवढं शिकवायचं राहिलं होतं.

त्या रात्री भाकऱ्या करताना माझ्या हाताचा काळा डाग पिठात उतरला, तरी मला काही वाटलं नाही. रविराज ताटावर बसून म्हणाले, "काय बाईसाहेब, नारळ फुटला वाटतं?"

"फुटला," मी म्हणाले.

*

शुक्रवारी दुपारी मी आत्यांबरोबर पट्टीत गेले. फवारणीचा पंप एकटीनं त्यांना पेलवत नाही, आणि रविराज ठेकेदाराच्या ऑफिसला गेले होते. योगिनीची शाळा लवकर सुटली. आम्ही परत आलो तेव्हा टेम्पो दारात उभा होता, क्रेट अर्धे चढवलेले, आणि शालनबाईचा आवाज ओढ्यापलीकडं जात होता.

"ह्ये काय हाय? आं? ह्ये काय हाय?"

आमच्या क्रेटवर, नीट लावलेल्या पिशव्यांच्या वर, वॉशरांचा मोकळा ढीग होता. अख्खं भगुलं ओतलेलं. योगिनी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, हातात रिकामं भगुलं.

"कालच घसा फोडून सांगितलं का न्हाई तुला? मोकळा माल नको म्हनून? आन भगुल्यातला कवाचा माल ह्यो! चार लॉटचा. ह्यो बघ मऊ, ह्यो बघ कडक." शालनबाईनं दोन वॉशर बोटांत दाबून माझ्या नाकासमोर धरल्या. "समदं येक केलंया. आता ह्यो कोन निवडनार? तुजा बाप?"

"मावशी, मी निवडून देते. आत्ता देते."

"आत्ता देते! टेम्पो काय पाव्हना आलाय व्हय जेवाय?"

नवनाथ टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता. "शिकलेल्यांचं काम हाय मावशे," तो हसला. "त्यांचं वेगळंच गनित असतंय."

शेजारच्या दोघी-तिघी हातातली कामं घेऊन ओट्यावर आल्या होत्या. त्यांच्याही घरात तेच क्रेट होते.

आत्यांनी योगिनीचा दंड धरला. "कुनी सांगितलं गं तुला आत टाकाय? कुनी सांगितलं?"

योगिनीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. माझ्या साडीला औषधाचा वास येत होता. मी बोलायला तोंड उघडलं. एवढ्या जणींसमोर लसावि कसा सांगणार होते मी? पोत्यातल्या नारळांचं काय सांगणार होते? मी म्हणाले, "चुकलं तिचं. लहान आहे, मावशी. परत नाही व्हायचं."

"परत व्हायला माल कुटं देनार हाय मी? हप्ताभर क्रेट न्हाई तुमाला. साहेबाला तोंड मला द्यावं लागतंय." मग ती खाली वाकली, योगिनीच्या तोंडासमोर तोंड नेऊन. रागाचा भर ओसरला होता, आता ती शिकवत होती. "बाळ, नीट ऐक. उरल्यालं क्रेटात टाकायचं न्हाई. काय?"

योगिनीनं भगुलं पोटाशी धरलं.

"म्हन. म्हनजे डोस्क्यात ऱ्हाईल."

"उरलेलं क्रेटमध्ये टाकायचं नाही."

"पुन्यांदा."

"उरलेलं क्रेटमध्ये टाकायचं नाही."

"शानी माजी," म्हणून शालनबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि टेम्पोत चढली. आमचे भरलेले क्रेट त्या ढिगासकट गेले, जादाचे रिकामे तीन तेवढे पडवीत राहिले होते. "ते सोमवारी सांच्याला मोजून नेईन," ती खिडकीतून ओरडली.

*

शनिवारी पहिल्याच तासाला चाचणी झाली. मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. पोरं सुटली, योगिनी आली, दप्तर पुढं घेऊन माझ्या बाजूनं सरळ घराकडं चालायला लागली. मी हाक मारली, तिनं ऐकलं नाही. मी आत गेले.

निरंजन सर टेबलावर तपासलेले पेपर लावत होते. दोन वर्गांची पोरं एकटे सांभाळतात, शिवाय कुठलंसं सर्वेक्षण मागं लागलेलं. डोळे लाल. मला बघून त्यांनी गठ्ठ्यातून तिचा पेपर काढला.

"बघा ताई तुम्हीच. एक कमी पडतो तो प्रकार सगळा बरोबर. मसावि बरोबर. आणि हे बघा."

रोपांचं गणित होतं. सहा-सहाच्या, आठ-आठच्या, नऊ-नऊच्या ओळी लावल्या तर दर वेळी चार रोपं उरतात. तिनं मांडलं होतं. लसावि बहात्तर. त्याखाली अधिक चार, शहात्तर. शहात्तरवर गोल केलेला होता. मग तो खोडलेला होता, रबरानं घासघासून कागद पातळ होईपर्यंत, आणि बहात्तरला गोल होता. त्या प्रकाराच्या तिन्ही गणितांत तेच. आधी बरोबर, मग खोडून चूक.

"सर, तिला येतंय. हे दिसतंय ना खाली? शहात्तर लिहिलं होतं तिनं."

"दिसतंय हो. पण परीक्षेत गोळा काळा करायचा असतो. खाली काय खोडलं ते कोण बघतं?"

"तिला जरा गोंधळ झाला. घरी एक प्रकार झाला होता…"

"ताई, प्रत्येकाच्या घरी एक प्रकार असतोच." ते वाईट बोलले नाहीत, दमून बोलले. "ती जादा तासाची खोली बघितलीत ना? कंपनीनं दिलेली सहा बाकं. एका बाकावर दोघं. बारा झाली. यादी वर पाठवलीय मी."

"खाली बसेल ती."

"खाली नको. खाली बसलेलं पोर फोटोत दिसलं तर मलाच विचारतात, बाकं दिली त्यांचं काय केलंत म्हणून. फेब्रुवारीपर्यंत कुणी गळालं तर बघू."

घरी आले. योगिनी पडवीत रिकाम्या क्रेटवर बसून भगुलं घासत होती. त्यात काहीच नव्हतं, तरी घासत होती.

"शहात्तर लिहिलं होतंस," मी म्हणाले. "खोडलं का?"

"उरलेलं टाकायचं नाही ना."

"अगं, ते क्रेटचं. हे गणितातलं. ते वेगळं, हे वेगळं."

"तू म्हणालीस एकच आहे. वॉशर घेऊनच शिकवलंस." तिनं भगुलं खाली ठेवलं. "आणि शालनआजी ओरडली तेव्हा तू म्हणालीस, माझं चुकलं."

मला वाटलं तिच्या पाठीत धपाटा घालावा. मला वाटलं तिला पोटाशी धरावं. दोन्हीतलं काही झालं नाही. मी उभी राहिले आणि अंगठ्यावरची चिंधी सोडून परत गुंडाळली.

रविराज पडवीच्या कडेला दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "पोरगी काय चुकीचं लिहिते गं? काल गेलो होतो ना ऑफिसला. गेटावर वीस-वीसची रांग करतात, वीस झाले की आत. आम्ही मागं नऊ जण राहिलो. ठेकेदार म्हणतो, तुम्ही आज कुठल्याच कंपनीचे नाही, उद्या बघू."

"अहो, तिच्यासमोर नका बोलू असलं."

"मग कुणासमोर बोलू?" त्यांनी वस्तरा पाण्यात हलवला. "माझं नाव त्याच रजिस्टरात आहे, त्या वीस जणांच्या खालीच. हजेरी तेवढी नाही."

आत्या चुलीपाशी होत्या. कांद्यावर औषध लागू पडलं नव्हतं, आणि त्या सकाळपासून कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तराला म्हनावं, आमची पोरगी काय जादा झाली व्हय."

रविवार असाच गेला. घरात भरलेला क्रेट नाही, कात्रीचा आवाज नाही. हात रिकामे राहिले की मला जास्त भीती वाटते. मी दोनदा योगिनीला नारळाचं गणित घालायला गेले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, "आई, सरांच्या खोलीत जागाच नाही का?"

"बाकं सहाच आहेत."

"म्हणजे बारा बसली आणि एक उरली."

"हं."

 तिचे डोळे मिचकले, ते मी बघितलं.

*

सोमवारी परत धुई. मी तिला उठवलं, वेणी घातली, डबा भरला. मग पडवीतल्या तीनपैकी एक क्रेट उचलला, उलटा केला, तळाला चिकटलेली पांढरी पावडर फडक्यानं पुसली आणि कमरेवर घेतला.

"कुटं निगालीस ते घिऊन?" आत्या म्हणाल्या.

"शाळेत."

"आगं, शालनी सांच्याला येनार हाय मोजाय!"

"येऊ दे."

रस्त्यावर पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या धुईतून दिवे लावून जात होत्या. क्रेटची कड कमरेच्या हाडाला लागत होती. योगिनी माझ्या मागं दोन पावलं अंतर ठेवून चालत होती. वाडीतली माणसं बघत होती, आणि तिला लाज वाटत होती. लाज मलाही वाटत होती. क्रेटवर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं, ते मी आतल्या अंगाला धरलं.

जादा तासाची खोली भरली होती. सहा बाकं, बारा पोरं, तोंडातून वाफा. सर फळ्यावर तारीख घालत होते. मी सरळ आत गेले, मागच्या बाकाच्या कडेला क्रेट उपडा ठेवला आणि हातानं दाबून बघितला. हलत नव्हता.

"ताई, हे काय?"

"बसायला आणलंय, सर. जमिनीवर नाही बसणार ती. फोटो काढला तरी चालेल."

पोरं हसली. सरांचा खडू हवेत राहिला. "अहो, मी सांगितलं ना तुम्हाला. यादी गेलीय."

"यादीत नका घालू."

"मग?"

 शुक्रवारी गावासमोर जो फुटला नव्हता, तो आवाज आता नको तेवढा मोठा आला. "ती उरलीय, सर. पण ह्याच वर्गातून उरलीय ना? दुसऱ्या कुठल्या वर्गात टाकणार मी तिला?"

 सरांनी माझ्याकडं बघितलं, क्रेटकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग मागच्या बाकावरच्या पोराला म्हणाले, "रेट रे जरा पलीकडं. तिला वही ठेवायला जागा दे." आणि मला, हळू आवाजात, "उद्या तपासणीला साहेब येणारेत. उद्या तिला आणू नका. परवापासून बघू."

"बरं," मी म्हणाले.

योगिनी बसली. क्रेट बाकापेक्षा बराच खाली होता. बाकाची कड तिच्या हनुवटीला लागत होती आणि लिहायला हात खांद्याएवढा वर न्यावा लागत होता. सरांनी गणित घातलं. काही लाडू, पाच-पाचचे, सहा-सहाचे, आठ-आठचे, दर वेळी दोन उरतात.

मी बाहेर येऊन खिडकीशी उभी राहिले. काचेवर आतून वाफ धरली होती. योगिनीची वेणी तेवढी दिसत होती आणि वर उचललेलं कोपर. कोपर भरभर हललं. मग थांबलं. तिनं खाली वाकून क्रेटकडं बघितलं, एक हात त्याच्या कडेवरून फिरवला, जिथं पावडर पुरती निघालेली नव्हती. कोपर परत हललं, एकदाच, थोडंसं. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली. रबर घेतलं नाही.

काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

परत येताना कमरेचं हाड दुखत होतं. धुई पट्टीवर तशीच बसली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. संध्याकाळी शालनबाई टेम्पो घेऊन येईल, पडवीत उभी राहून बोट दाखवत क्रेट मोजेल, आणि एक कमी भरेल. भरू दे.